प्रस्तावना : चालू मशीनला हात लावताना

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम शिकायला आलेल्या पोराला सुरुवातीलाच जे नियम बजावले जातात, त्यांत एक हमखास असतो : मशीन चालतंय ना, मग बायोसला हात लावायचा नाही. कारण सहसा कुणी सांगत नाही. विचारलेच तर कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या बोर्डाची कथा ऐकायला मिळते. अपडेट टाकायला घेतले, मध्येच लाइट गेली, बोर्ड कायमचा बसला. कथेतले गाव बदलते, गिऱ्हाईक बदलते, लाइट मात्र प्रत्येक वेळी जातेच.

हा नियम खोटा नव्हता. कित्येक वर्षे तो पुरता बरोबर होता आणि आजही निम्मा बरोबर आहे. उरलेला निम्मा कशाने बदलला आणि आता काय करायचे, यासाठी ही पुस्तिका आहे. पुढच्या प्रकरणांत पायऱ्या आहेत, आकृत्या आहेत, प्रत्येक कंपनीचे मेनू आहेत. प्रस्तावनेत त्यातले काही मिळणार नाही. पायऱ्या पाठ करून अपडेट होऊन जाते. पण पडद्यावर पुस्तकात नसलेले वाक्य उमटले की काय दाबायचे हे ठरवायला आत काय चालले आहे ते ठाऊक असावे लागते.

कॅबिनेटचे झाकण काढून मदरबोर्डाकडे नीट पाहा. आठ पायांची, करंगळीच्या नखाहूनही लहान अशी एक काळी चिप कुठेतरी सापडेल. तिच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. तो पहिला पाय. अंगावरची अक्षरे वाचायला भिंग लागते किंवा मोबाइलचा कॅमेरा. पुष्कळ बोर्डांवर विनबाँड किंवा मॅक्रॉनिक्सचे नाव आणि २५ चा आकडा असलेला क्रमांक दिसतो. त्यात पुढे १२८ असेल तर ती १२८ मेगाबिटची, म्हणजे १६ मेगाबाइटची चिप; २५६ असेल तर ३२ मेगाबाइटची. बायोस राहतो तो इथे. आता त्याचे शास्त्रशुद्ध नाव यूईएफआय आहे, पण दुकानात, बोर्डाच्या खोक्यावर आणि कंपन्यांच्या डाउनलोडच्या पानावरही बायोस हाच शब्द चालतो. आपणही तोच वापरू.

बटण दाबले की प्रोसेसरला सुरुवातीला काहीच माहीत नसते. रॅम बसवलेली असते, पण ती अजून वापरण्याजोगी झालेली नसते. डिस्क, कीबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांचा पत्ता नसतो. एवढेच ठरलेले असते की पहिली आज्ञा चार गिगाबाइटच्या हद्दीच्या सोळा बाइट अलीकडून उचलायची, आणि तो पत्ता या चिपकडे वळवलेला असतो. एएमडीच्या रायझनमध्ये तर मुख्य कोअर जागे होण्याआधी प्रोसेसरच्याच पोटातला एक छोटा आर्म जातीचा कोअर उठतो, चिप वाचतो, रॅम मार्गी लावतो आणि मग इतरांना उठवतो. इंटेलच्या बाजूलाही मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र कारभारी याच चिपमधून आपला भाग वाचतो. म्हणजे आपण ज्याला एक फाइल समजतो तिच्यात बरीच बिऱ्हाडे आहेत : बोर्ड कंपनीचे मेनू आणि लोगो, प्रोसेसर कंपनीने दिलेला मूळ कोड, प्रोसेसरच्या आतल्या वागणुकीत दुरुस्ती करणारा मायक्रोकोड. शिवाय चिपमध्ये त्या एकाच बोर्डापुरत्या गोष्टीही असतात. अनुक्रमांक, काही बोर्डांवर नेटवर्कचा मॅक ॲड्रेस, ब्रँडेड पीसीत विंडोजची की. या शेवटच्या गोष्टी कंपनीच्या डाउनलोडमध्ये नसतात हे लक्षात असू द्या; पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता त्या लाइट जाण्याच्या कथेकडे. ही चिप फ्लॅश मेमरीची, आणि फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर थेट लिहिता येत नाही. आधी तो तुकडा पुसायचा, सहसा लहानात लहान चार किलोबाइटचा. पुसला की त्यातले सगळे बिट एक होतात. मग हवे तिथे शून्य पाडत नवा मजकूर लिहायचा, परत वाचून ताडून पाहायचा आणि पुढच्या तुकड्याला हात घालायचा. हे सगळे काही मिनिटांत उरकते. मधल्या कुठल्याही क्षणी वीज तुटली तर चिपमध्ये थोडा जुना बायोस, थोडा नवा आणि एखादा कोरा तुकडा उरतो. कोरा तुकडा जर सुरुवातीच्या कामाचा असेल, तर पुढच्या वेळी प्रोसेसर ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथे कुणी नसते. पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही. बोर्डाचा एकही भाग जळलेला नसतो, तरी बोर्ड मेलेला असतो.

पहिल्या काळात ही भानगडच नव्हती. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याचा बायोस आठ किलोबाइटचा होता आणि कायमचा कोरलेला होता. बदलायचा म्हणजे चिप बदलायची. आयबीएमने त्याचा सगळा मजकूर तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला होता, पण कॉपीराइट राखून. कॉम्पॅकने त्यावर तोड काढली : एका गटाने तो बायोस काय काय करतो ते लिहून काढायचे, आणि आयबीएमचा कोड कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा लिहायचा. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने तसाच बायोस कुणालाही विकायला ठेवला आणि असेंबल्ड पीसीचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. १९८५ मध्ये अमेरिकेत अमेरिकन मेगाट्रेंड्स ही बायोसची कंपनी निघाली. बोर्ड सुरू होताना क्षणभर झळकणारे हे नाव पुष्कळांच्या ओळखीचे असेल. तिच्या संस्थापकांपैकी सुब्रमोनियन शंकर हे मूळचे भारतातले.

त्यानंतरच्या चिपांच्या पाठीवर काचेची गोल खिडकी असे आणि तिच्यावर स्टिकर. स्टिकर काढून अतिनील दिव्याखाली ठेवली की चिप पुसली जाई. हे काम घरी कोण करणार? नव्वदीच्या दशकात फ्लॅश आली आणि फ्लॉपीवरून बायोस बदलता येऊ लागला. सोय झाली, पण जे मालकाला करता येते ते चोरालाही करता येते. तैपेईतल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर उठला. तारीख चेर्नोबिलच्या अपघाताची, म्हणून त्याला तेही नाव पडले. हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसून टाकी आणि ज्या बोर्डांवर बायोसची चिप लिहिण्यास मोकळी होती तिथे बायोसचीही वाट लावी. त्या काळी पुष्कळ बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये बसवलेली असे. म्हणून कारागीर एक धाडसी उपाय करत : तसाच दुसरा चालू बोर्ड घ्यायचा, मशीन सुरू करायचे, चालू स्थितीतच त्याची चिप अलगद उपसायची, मेलेल्या बोर्डाची चिप तिथे बसवायची आणि तिच्यावर बायोस लिहायचा. बायोसची नक्कल तोवर रॅममध्ये गेलेली असल्याने मशीन बंद पडत नसे. हात थरथरला तर मात्र दोन्ही बोर्ड गेले.

अशा दिवसांत ‘हात लावू नको’ हाच शहाणपणाचा सल्ला होता. अपडेटने मिळे काय, तर मोठी हार्डडिस्क ओळखणे किंवा एखाद्या नव्या प्रोसेसरचे नाव नीट दिसणे. फसले तर वाचवणारे काही नसे. तराजू सरळ एका बाजूला झुकलेला होता.

तो हलला एएम४ सॉकेटपासून. एएमडीने २०१७ मध्ये रायझन आणला आणि पुढची काही वर्षे सॉकेट बदललाच नाही. म्हणजे बी४५० चा जुना बोर्ड घेऊन त्यावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवता येतो. फक्त बायोस तेवढा नवा हवा. दुकानातला बोर्ड गोदामात वर्षभर पडून असेल तर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळाच राहतो, आणि बायोस बदलायला जुना प्रोसेसर लागतो, जो गिऱ्हाइकाकडे नसतो. २०१८ मध्ये तर एएमडी अशा अडलेल्यांना जुना प्रोसेसर उसना पाठवत असे. त्यातच १६ मेगाबाइटची अडचण. इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर एका चिपमध्ये मावेनात. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केले की ४०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० मिळणार नाही. ओरड झाल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवला. जागा करायला एमएसआयने काही बोर्डांवरचे देखणे चित्रमय मेनू काढून साधे बसवले, काही जुन्या प्रोसेसरांची ओळख वगळली. इथे एक धडा आहे जो पुस्तिकेत वारंवार येईल : नवा बायोस काही देतो तसा काही काढूनही घेतो.

पुढच्या दोन घटनांनी जुना नियम मोडीतच काढला. एप्रिल २०२३ मध्ये एएम५ सॉकेटवरचे रायझन ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर काही ठिकाणी जळाल्याची छायाचित्रे फिरू लागली. प्रोसेसर फुगलेला, सॉकेटच्या पिना काळ्या. एसओसी व्होल्टेज नको तितके वर जात होते. त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालणारा बायोस आला. मशीन ‘चालतंय ना’ म्हणून तो न टाकणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

दुसरी घटना इंटेलची, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणारे तक्रार करू लागले की गेम अधूनमधून कोसळतात, ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा संदेश येतो. लोकांनी ग्राफिक्स कार्डे बदलली, रॅम बदलल्या, विंडोज पुन्हा टाकले. दोष प्रोसेसरच्या व्होल्टेजमध्ये होता. मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होता. त्याने आणि उष्णतेने कोअरमधले एक सर्किट हळूहळू झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ क्रमांकाचा मायक्रोकोड आला, सप्टेंबरमध्ये १२बी. दोन्ही बोर्ड कंपन्यांच्या बायोसमधून. इंटेलने खोकाबंद प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली आणि एक गोष्ट साफ सांगितली : झालेली झीज या अपडेटने भरून येत नाही, पुढची थांबते. म्हणजे ज्याने आपले मशीन उत्तम चालत असतानाच अपडेट टाकले त्याला सगळा फायदा झाला, आणि जो बिघाडाची वाट पाहत बसला त्याला जवळजवळ काहीच नाही. जुन्या नियमाची याहून पुरती उलटापालट मला दुसरीकडे दिसलेली नाही.

एवढे वाचून जो उठेल आणि आजच्या आज नवा बायोस शोधायला जाईल, त्याला थांबवण्यासाठी जानेवारी २०१८ ची आठवण पुरेशी आहे. स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली सुरक्षेची फट उघडकीला आली, घाईघाईने मायक्रोकोड काढला गेला, बोर्ड कंपन्यांनी बायोस वाटले, आणि त्याच महिन्यात इंटेललाच सांगावे लागले की सध्या हे टाकू नका, मशीन आपोआप रीस्टार्ट होत आहेत. ज्यांनी आठवडाभर दम धरला ते सुटले.

तेव्हा माझा निकष असा : अपडेट कशासाठी हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. नवा प्रोसेसर बसवायचा आहे. प्रोसेसर कंपनीने धोक्याचा दोष कबूल केला आहे. रॅम तिच्या ठरलेल्या वेगाने स्थिर चालत नाही आणि यादीत नेमके तेच सुधारल्याचे लिहिले आहे. सुरक्षेची एखादी फट आहे. किंवा सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून संपू लागतात आणि कंपनीने नवी प्रमाणपत्रे बायोसमधून दिली आहेत. यांपैकी काही असेल तर टाका. ‘सिस्टिमची स्थिरता सुधारली’ हे वाक्य कंपन्या प्रत्येक आवृत्तीखाली चिकटवतात; ते कारण नव्हे. बीटा लिहिलेला बायोस दुखणे अंगावर असेल तरच. आणि काही आवृत्त्यांवरून मागे फिरता येत नाही; तसे पानावर लिहिलेले असते, बहुधा सगळ्यांत खालच्या ओळीत.

आता चुका होतात त्या जागा. लोक घाबरतात लाइट जाण्याला, पण लाइट जाण्याआधीच पुष्कळांचे काम बिघडलेले असते, कारण फाइल दुसऱ्याच बोर्डाची असते. बोर्डांची नावे सख्ख्या भावंडांसारखी असतात. गिगाबाइटचा बी४५०एम डीएस३एच आणि बी४५०एम डीएस३एच व्ही२ हे दोन निराळे बोर्ड आहेत. नाव अगदी एक असूनही रिव्हिजन निराळी असू शकते आणि बायोसही निराळा. गिगाबाइट ती बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापते. डीडीआर४ चा आणि डीडीआर५ चा बोर्ड, वायफाय असलेला आणि नसलेला, यांच्या नावात एका शेपटाचा फरक असतो. अपडेटचा प्रोग्रॅम चुकीची फाइल सहसा नाकारतो. पण ‘सहसा’ या शब्दावर हजारोंचा बोर्ड टांगू नये. लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला बोर्ड आणला असेल तर खोक्यावरच्या नावावर मुळीच विश्वास ठेवू नका. खोके एकाचे आणि बोर्ड दुसऱ्याचा हे नवे नाही. बोर्डावर छापलेले वाचा, विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बेसबोर्डच्या ओळीशी ताडून पाहा, आणि फाइल बोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. डेल, एचपी, लेनोव्होच्या तयार डेस्कटॉपला त्यांच्याचकडचा बायोस, बोर्ड बनवणारी मूळ कंपनी कुठलीही असो.

दुसरी जागा याहून फसवी आहे, कारण ती बायोसशी संबंधित वाटतच नाही. विंडोजचे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर डिस्कचे कुलूप टीपीएम या किल्ली राखणाऱ्या सुरक्षा-भागाशी बांधलेले असते, आणि टीपीएम बायोसचे मोजमाप ठेवतो. बायोस बदलला की मोजमाप बदलू शकते; बदलले तर टीपीएम किल्ली देत नाही, आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. अपडेट यशस्वी, मशीन ठणठणीत, आणि दहा वर्षांचे फोटो आत अडकलेले. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने मांडलेल्या मशीनवर हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागते, मालकाला पत्ताही नसतो. म्हणून आधी तपासायचे, की उतरवून घ्यायची, आणि अपडेटपुरते बिटलॉकर थांबवून ठेवायचे. रायझनच्या बोर्डांवर अपडेटनंतर कधी कधी एक संदेश येतो : एफटीपीएमची रचना बदलली आहे, रीसेट करायची तर वाय दाबा, नको असेल तर एन. घाईत लोक वाय दाबतात. की हाताशी नसेल तर एनच दाबायचे. या एका कळीसाठी पुस्तिकेत अख्खे पान दिले आहे, आणि ते मला कमीच वाटते.

विजेचे मात्र म्हणतात तेवढे अवघड नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये पूर्ण भारावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद पुरेल एवढी वीज साठलेली असते. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यातले एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे ही साठवण त्याहून कमीच. बायोसच्या पडद्यावर मशीन थोडीच वीज खाते, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो. साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला यापेक्षा कमी वेळ लागतो. घरच्या इन्व्हर्टरचे तसे नाही. तो पंखे-दिव्यांसाठीच्या मोडवर असेल तर त्याला जास्त वेळ लागू शकतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बहुतेक इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असतो, तो बघा. आणि यूपीएस असणे वेगळे, त्यात जीव असणे वेगळे. टेबलाखाली चार वर्षे धूळ खात पडलेल्या यूपीएसची बॅटरी बहुतेक वेळा गेलेलीच असते. अपडेटच्या आधी मशीन चालू ठेवून भिंतीचा स्विच बंद करून पाहा. पाच मिनिटे तग धरली तर पुढे जा. वळवाच्या संध्याकाळी आभाळ दाटून आले असताना हे काम काढू नये, एवढे सांगायला पुस्तिका लागत नाही.

पद्धतीबद्दल थोडक्यात : विंडोजमधून अपडेट करणारे प्रोग्रॅम सोयीचे असतात, पण मागे अँटिव्हायरस, विंडोजचे स्वतःचे अपडेट, आणखी दहा गोष्टी चालू असतात. असेंबल्ड मशीनवर बायोसच्या आतली सोय वापरा. असूसची ईझेड फ्लॅश, एमएसआयची एम-फ्लॅश, गिगाबाइटची क्यू-फ्लॅश, ॲसरॉकची इन्स्टंट फ्लॅश. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह पुरतो. ओव्हरक्लॉकिंग आणि रॅमचे एक्सएमपी आधी काढून टाका. सेटिंगच्या प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण अपडेटनंतर ती बहुधा मूळपदावर जातात. त्यात डिस्कची आरएआयडी किंवा व्हीएमडीची निवड बदलली तर विंडोज उठत नाही आणि माणूस बायोस बिघडला म्हणून डोके धरून बसतो.

मागच्या पॅनलवर फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तो घ्या, हे माझे ठाम मत. प्रोसेसर नको, रॅम नको; फक्त एसएमपीएस जोडायचा, खूण केलेल्या यूएसबीत पेन ड्राइव्ह लावायचा आणि बटण दाबायचे. एएम४ वर अडलेल्यांची सगळी रड या बटणाने संपवली. फाइलचे नाव तेवढे कंपनीला हवे तेच लागते. एमएसआयला एमएसआय डॉट रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट डॉट बिन, आणि असूसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅमच येतो. असूसच्या बोर्डावर दिवा पाचेक सेकंद लुकलुकून एकदम स्थिर झाला तर काम सुरूच झालेले नाही असे समजा. बहुतेक वेळा नाव किंवा फॉरमॅट चुकलेले असते.

सर्वांत जास्त धीर लागतो तो अपडेट संपल्यावर. शंभर टक्के झाले, मशीन आपोआप बंद होऊन सुरू झाले, आणि पडदा काळा. पंखे फिरताहेत. मग आपोआप बंद. पुन्हा सुरू. पुन्हा काळा. हे सगळे ठीक चालले आहे. नव्या बायोसने रॅमबद्दलची जुनी माहिती टाकून दिली आहे आणि तो प्रत्येक वाहिनीचे वेळापत्रक नव्याने जुळवतो आहे. डीडीआर५ च्या बोर्डांवर, विशेषतः चार रॅम लावलेल्या असतील तर, याला कित्येक मिनिटे जातात. काही बोर्डांत याच वेळी आतले इतर फर्मवेअरही बदलले जाते. नेमके इथे लोकांचा धीर सुटतो. पहिल्या मिनिटाला ‘अरे, गेलं वाटतं’, दुसऱ्याला पॉवरचे बटण धरून ठेवणे. लाइट न जाताही हाताने वीज तोडली जाते आणि दुकानात मात्र कथा लाइट गेल्याचीच सांगितली जाते. मशीन सोडून द्या. उठून चहा टाका. अर्ध्या तासानेही काही दिसले नाही तर मग सीमॉस सेलकडे वळायचे, त्याआधी नाही.

आणि खरोखरच मेला तर? तरी बहुतेक वेळा उपाय आहे. फ्लॅशबॅक आहे, काही बोर्डांवर दुसरी राखीव चिप आहे. तेही नसेल तर सीएच३४१ए नावाचा स्वस्त प्रोग्रॅमर आणि आठ दातांची क्लिप घेऊन चिपवर थेट लिहिता येते, दुरुस्तीवाले हे रोज करतात. पण करण्याआधी चिपचे व्होल्टेज वाचा, १.८ व्होल्टच्या चिपला साध्या प्रोग्रॅमरवर ॲडॉप्टरशिवाय लावले तर ती जाईल. आणि वर सांगितलेली बिऱ्हाडे आठवा : मेलेल्या चिपमधला मजकूर आधी दोनदा वाचून घ्या, दोन्ही प्रती सारख्या आहेत का पाहा, आणि जपून ठेवा. कंपनीची फाइल जशीच्या तशी ओतली तर बोर्ड उठेल, पण त्याचा अनुक्रमांक आणि मॅक ॲड्रेस गेलेला असेल. जुन्या प्रतीतून ते परत आणता येतात. गिऱ्हाइकाला ‘बोर्ड बदलावा लागेल’ असे सांगणाऱ्या कारागिराने हे करून पाहिले होते का, हा प्रश्न गिऱ्हाइकाने जरूर विचारावा.

लॅपटॉप, सर्व्हर आणि लोकांनी घरी बदललेले बायोस या पुस्तिकेत नाहीत. पहिल्या दोहोंचे नियम वेगळे आहेत, तिसऱ्याच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. पुस्तिका वाचायला इंजिनिअर असावे लागत नाही. पॉलिटेक्निकमधला विद्यार्थी, तालुक्याच्या ठिकाणी दुकान चालवणारा कारागीर, आपला पीसी स्वतः जुळवणारा हौशी माणूस, यांना समोर ठेवून ती लिहिली आहे. कंपन्यांच्या मेनूंची नावे आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा आकृतीतले शब्द पडद्यावर तसेच्या तसे नसतील. जागा मात्र जवळपास तीच असते.

दुकानदार आणि दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना एक विनंती. मशीन हाती देताना बिलावर बोर्डाचे पूर्ण नाव, रिव्हिजन आणि बायोसची आवृत्ती तारखेसह लिहा. बिटलॉकर चालू असेल तर तेही लिहा आणि रिकव्हरी की कुठे मिळते ते गिऱ्हाइकाला तोंडी समजावून सांगा. बिलावर एक ओळ वाढेल. पुढे त्या मशीनला हात लावणाऱ्याला, तो तुम्हीच असाल किंवा दुसरा कुणी, अर्धे काम झालेले मिळेल.